दोन अक्षरांचे नाव

वर्गात मागच्या बाकावर बसण्याचा सर्वांत मोठा फायदा असा, की आपल्याकडे कोणी पाहत नाही. गावाकडून पुण्यात आल्यापासून हा फायदा मी निमूटपणे घेत आले होते. यंदा द्वितीय वर्षाच्या संस्कृतच्या पहिल्याच आठवड्यात तो संपला.

आम्हाला कालिदासाच्या 'कुमारसंभवा'चा पाचवा सर्ग नेमलेला आहे. तो सुरू करण्याआधी पहिल्या सर्गातली एक गोष्ट सांगतो, असे सर म्हणाले. हिमालयाची कन्या शंकरासाठी तप करायला निघाली. तेव्हा तिची आई मेना कळवळून तिला म्हणाली, "उ, मा!" 'उ' म्हणजे 'अगं', आणि 'मा' म्हणजे 'नको'. अगं, नको! यावरून त्या मुलीला पुढे उमा हे नाव पडले, असे कालिदास सांगतो.

सरांचे वाक्य पुरे होण्याच्या आतच सारा वर्ग मागे वळून माझ्याकडे पाहू लागला. कारण हजेरीपटावर उमा एकच, आणि ती मागच्या बाकावर! त्या संध्याकाळपासून वसतिगृहात माझे नावच 'अगं नको' झाले. "अगं नको, बादली रिकामी झाली का?" "अगं नको, तुझा फोन वाजतोय!" मीही हसत होते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते हसू काही टिकले नाही.

लहानपणापासून हा 'नको' शब्द मी इतक्या वेळा ऐकला होता, की तो आपल्या नावातच दडलेला असावा याचे नवल वाटण्याऐवजी भीतीच वाटली. ओढ्यापलीकडे जाऊ नको. मोठ्याने हसू नको. पाहुण्यांपुढे बोलू नको. दहावीनंतर तालुक्याला जाऊ नको. बारावीनंतर पुण्याला तर मुळीच नको. माझी थोरली बहीण बारावी होताच सासरी गेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ज्या शब्दाशी भांडत इथवर आले, तोच शब्द माझ्या दाखल्यावर, ओळखपत्रावर, वहीच्या पहिल्या पानावर आईवडिलांनी लिहून दिला होता की काय?

पण तसे नव्हते. माझ्या नावाची खरी गोष्ट कालिदासाच्या गोष्टीपेक्षा फार साधी आहे.

माझ्या आईचे नाव अन्नपूर्णा. नाव मोठे सुरेख. पण आमच्याकडच्या कागदांना ते कधी पेलले नाही. रेशन कार्डावर ती 'अनपुर्णा' होती, मतदार यादीत 'अनुपमा', आणि बँकेच्या पुस्तकात 'अन्नपुर्णाबाई'. मी पोटात असताना बचत गटाच्या कर्जासाठी तिला एका कार्यालयात जावे लागले. तिथल्या साहेबांनी तिन्ही कागद समोर मांडले आणि म्हणाले, या तीन बायका आहेत, यांतली तुम्ही कोण ते आधी ठरवून या. आपण एकटीच आहोत हे सिद्ध करायला आईला सात महिने हेलपाटे घालावे लागले. शाळा तिने दुसरीतच सोडलेली. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नव्हते. त्यामुळे कोणत्या कागदावर काय चुकले आहे हे तिला स्वतःला वाचताही येत नव्हते.

माझ्या बारशाला आत्या 'विजयालक्ष्मी' हे नाव ठरवून आली होती. पाळण्याच्या दोरीला हात लावण्याआधी आईने तिला अडवले. म्हणाली, "वन्स, दोन अक्षरांचं ठेवा. कुणाला मोडता येऊ नये असं." आत्याने थोडा विचार केला आणि माझ्या कानात कुर्र करून सांगितले, 'उमा'. उखळाचा उ आणि मगराचा मा. आईच्या दुसरीपर्यंतच्या शिक्षणात एवढी अक्षरे बसत होती. माझ्या नावामागे काव्य नाही, पुराण नाही. आहे ती एका कार्यालयातली रांग.

तर मग कालिदासाचे काय करायचे? दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले आणि आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश मागितला. वामन शिवराम आपटे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. १८९० साली हा कोश त्यांनी प्रसिद्ध केला आणि दोनच वर्षांनी, ऐन चौतिशीच्या सुमारास, ते गेले. एवढ्या थोड्या आयुष्यात एवढा मोठा ग्रंथ! तो टेबलावर ठेवतानाच माझा हात दुखला.

'उमा' या शब्दापुढे पार्वती तर होतीच. पण पुढे एकामागून एक अर्थ निघत गेले. प्रकाश. कीर्ती. शांती. रात्र. हळद. प्रकाशही उमा आणि रात्रही उमा! एकाच नावात दिवा लावलाही आणि विझवलाही. आणि शेवटी एक इंग्रजी शब्द होता, 'फ्लॅक्स'. तो मला ठाऊक नव्हता. म्हणून इंग्रजी-मराठी कोश काढला. त्यात होते: अळशी, जवस.

जवस!

मी खुर्चीवर मागे टेकून बसले. आमचे गाव लातूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेकडे. तीन एकर कोरडवाहू रान. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. आणि हरभऱ्याच्या कडेने धुऱ्यालगत चार तास जवस, घरच्या चटणीपुरता. मी चालायला लागले तेव्हापासून ज्या पिकातून हिंडते आहे, ते माझेच नाव आहे हे मला पुण्यात येऊन, संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत उतरल्यावर कळले. 'अमरकोशा'तही अतसी, उमा आणि क्षुमा हे शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. यांतल्या अतसीची आपली अळशी झाली. क्षुमेच्या वाखापासून विणलेले ते क्षौम वस्त्र. संस्कृत काव्यांतल्या राजकन्या लग्नात नेसतात ते. उमा मात्र शेतातून उठून देवघरात गेली, आणि तिचे शेत सगळे विसरून गेले.

त्या दिवसापासून मला छंदच जडला. एका लहान वहीत मी माझ्या नावाचे अर्थ जमवू लागले. इतिहासाच्या पुस्तकांतून तळेगावच्या उमाबाई दाभाडे भेटल्या. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा पडला, आणि त्यानंतर दाभाड्यांच्या सेनापतीपदाचा सारा कारभार या बाईने चालवला. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे उमाजी नाईक भेटले. म्हणजे हे नाव आपल्याकडे बायकांचेच आहे असेही नाही.

पण खरी गंमत पुढेच झाली. माझ्या खोलीत राहणारी एक मैत्रीण संध्याकाळी जपानी भाषेच्या वर्गाला जाते. एके दिवशी येऊन तिने मला घोडा म्हणून हाक मारली. जपानीत 'उमा' म्हणजे घोडा! तिने ते अक्षर काढूनही दाखवले. वर आयाळीच्या रेघा, खाली पायांचे चार ठिपके. बराच वेळ पाहिल्यावर मलाही त्यात घोडा दिसू लागला.

दुसरी एक मैत्रीण गोव्याची. तिची आजी मडगावला पोर्तुगीज शाळेत शिकली होती. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, शाळाही बदलली, पण आजीच्या तोंडची भाषा काही गेली नाही. मैत्रिणीने फोनवर माझे नाव सांगताच आजी हसत म्हणाली, "उमा? म्हणजे एक!" पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी 'एक' तो 'उम' आणि स्त्रीलिंगी 'एक' ती 'उमा'. 'उमा काझा' म्हणजे एक घर. मला एकदम आईची आठवण झाली. तीन कागदांवरच्या तीन बायका म्हणजे एकच बाई, हे सिद्ध करायला तिला सात महिने लागले होते. आणि तिच्या मुलीच्या नावाचा अर्थ जगाच्या एका कोपऱ्यात नुसता 'एक' असा होता!

खानावळीत कधीमधी टांझानियाची एक विद्यार्थिनी आमच्या टेबलाशी बसते. तिला मी माझे नाव सांगितले, तेव्हा तिने काही न बोलता ताटातला काटा उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. तिच्या स्वाहिली भाषेत 'उमा' म्हणजे जेवणाचा काटा. आणि क्रियापद म्हणून वापरले तर चावणे, दुखणे. मी तिला म्हटले, आमच्याकडे मी जवस आहे. ते तिला समजावून सांगायला मला तिसऱ्या भाषेची मदत घ्यावी लागली.

ही वही घेऊन मी भाषाविज्ञान शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. मला वाटले होते, या सर्व अर्थांमागे एखादे जुने नाते निघेल. घोडा, काटा, जवस आणि पार्वती यांना जोडणारा एखादा धागा बाई काढून दाखवतील. बाईंनी वही शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "यात आणखी दोन लिही." दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या प्रदेशात क्वेचुआ आणि आयमारा या दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात. क्वेचुआत 'उमा' म्हणजे डोके आणि आयमारात 'उमा' म्हणजे पाणी. "एकाच डोंगरावर राहणारी दोन माणसे," बाई म्हणाल्या, "एकच आवाज काढतात. एकाचा हात कपाळाला जातो, दुसऱ्याचा घागरीकडे. आता यातले खरे उमा कोणते?"

मी गप्प राहिले. मग बाईंनी स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर याच्याविषयी सांगितले. १९१३ मध्ये तो वारला, आणि त्याची व्याख्याने १९१६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. शब्दाचा ध्वनी आणि त्याचा अर्थ यांत निसर्गाने घातलेली गाठ नसते. ती गाठ त्या भाषेतल्या माणसांनी मिळून मारलेली असते, असे त्याने मांडले. आपल्याकडेही हा वाद जुना आहे. प्रत्येक नाम कुठल्या ना कुठल्या धातूपासून निघाले आहे, असे शाकटायनाचे मत. तसे सर्वच नामांविषयी म्हणता येणार नाही, असे गार्ग्याचे. यास्काने 'निरुक्ता'त या दोन्ही मतांची नोंद केली आहे. "आणि कालिदासाची व्युत्पत्ती?" मी विचारले. बाई हसल्या. "ती कवीची व्युत्पत्ती आहे. कवीला आई-मुलीचा प्रसंग हवा होता. व्याकरणाने तिच्यावर शिक्का मारलेला नाही."

मला जरा हायसे वाटले. पण पुरते नाही. घोड्याशी, काट्याशी माझे काही देणेघेणे नव्हते. 'नको' शी होते. जो अर्थ आपल्याला लागतो, तो कवीने रचलेला आहे म्हणून लागायचा थोडाच थांबतो?

संस्कृतच्या सरांना माझ्या मनातले कसे कळले कोण जाणे. एका तासानंतर त्यांनी मला थांबवून 'केनोपनिषद' वाचायला सांगितले. त्यात देवांना आपल्या विजयाचा गर्व होतो. तेव्हा त्यांच्यापुढे एक यक्ष प्रकट होतो. अग्नीला त्याच्यापुढची गवताची काडी जाळता येत नाही, वायूला ती हलवता येत नाही. इंद्र पुढे होतो तर यक्षच नाहीसा होतो. आणि त्याच आकाशात इंद्राला एक तेजस्वी स्त्री दिसते. ती उमा हैमवती. 'तो यक्ष कोण होता?' असे देवांचा राजा तिला विचारतो, आणि ते ब्रह्म होते, असे ती त्याला सांगते. तिथे उमेला कोणी 'नको' म्हणत नाही. तिथे ती शिकवते आणि इंद्र ऐकतो. हे उपनिषद कालिदासाच्या कितीतरी आधीचे.

सरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. पाचव्या सर्गात ती मुलगी तपाला जातेच. झाडावरून आपोआप गळलेले पानसुद्धा खात नाही, म्हणून तिला 'अपर्णा' म्हणू लागतात. म्हणजे अडवले तेव्हाचे नाव उमा, आणि थांबली नाही तेव्हाचे नाव अपर्णा. मी मनात म्हटले, आणि तिचेच तिसरे नाव अन्नपूर्णा! एका नावात पानही वर्ज्य, आणि दुसऱ्या नावात भरलेले ताट.

डिसेंबरात मी येळवशीला गावी गेले. पुस्तकात हिला वेळा अमावस्या म्हणतात, आमच्याकडे येळवस. लातूर-धाराशिव भागात या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडव मांडून पूजा करायची, आणि मग आंबील, भज्जी, उंडे, खीर असे सर्वांनी रानातच जेवायचे. ज्याला शेत नाही त्यालाही कोणीतरी हाताला धरून आपल्या शेतात नेते.

सकाळी आम्ही रानात पोचलो तेव्हा धुऱ्याकडचा जवस फुलला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जवसाचे फूल निळे असते आणि एवढेसे असते. सकाळी उमलते आणि ऊन चढले की पाकळ्या गळून जातात. दुपारी येणाऱ्याला ते शेत फुलले होते असे सांगूनही पटायचे नाही. मी आईला म्हटले, "आई, संस्कृतात याला उमा म्हणतात." तिने एकदा फुलांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "जवसाला?" तिने विचारले. "व्हय." "बरं झालं," ती म्हणाली, "कामाचं पीक हाय."

जेवताना मी सगळी वही वाचून दाखवली. घोड्याला धाकटा भाऊ खो खो हसला. काट्याला दादा हसले. शेवटी मी कालिदासाची गोष्ट सांगितली. आईचा हात वाढता वाढता थांबला.

"आईनंच नको म्हणलं?"

"हो. रानात एकटीनं जाऊन तप करू नको म्हणाली."

"मग? गेली का न्हाई ती?"

"गेली."

"मग झालं तर," म्हणून तिने माझ्या ताटात भज्जी वाढली. थोड्या वेळाने कोणाकडेही न पाहता म्हणाली, "नको तर म्या बी म्हणलं होतं."

"कधी?"

"उन्हाळ्यात. तुझ्या काकाला. लेकरू शिकूलालं, आत्ता नको म्हणलं."

मी दादांकडे पाहिले. दादा आंबिलीचा पेला हातात धरून धुऱ्याकडे पाहत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काकांनी माझ्यासाठी स्थळ आणले होते. पाहुणे आले, पोहे झाले, चार प्रश्न झाले. मुलाचे दुकान होते आणि ते लोक तसे सालस होते. सोयाबीनने त्या वर्षी हात दिला नव्हता, माझ्या वसतिगृहाचे पैसे उसने आणले होते, आणि दादा होकाराकडे झुकले होते, हे मला कळत होते. मग आठ-दहा दिवस घरात कोणी त्यावर बोललेच नाही. त्या लोकांनीच नकार कळवला असावा, असे मी धरून चालले. सुटल्याचा आनंद झाला होता, आणि नाही म्हटले तरी मनाला थोडे लागलेही होते. कॉलेज उघडले तशी मी बॅग भरून परत आले. नकार आमच्याच घरातून गेला होता, आणि तो मोठ्या दिराच्या तोंडावर, दुसरी शिकलेल्या एका बाईने दिला होता, हे सहा महिने मला ठाऊकच नव्हते. काका त्यानंतर आमच्याकडे आले नव्हते. येळवशीलाही आले नाहीत, ते का, हे मला त्या दिवशी समजले.

कालिदासाच्या मेनेने 'नको' म्हटले ते मुलीला. माझ्या आईचा 'नको' माझ्या नावातलाच होता, पण त्याचे तोंड दुसरीकडे होते. एवढा फरक कुठल्याही कोशात सापडला नसता. बाई म्हणाल्या होत्या तेच खरे. आवाजाला अर्थाची गाठ माणसेच मारतात, आणि काही गाठी मारताना त्या माणसांना त्रासही पडत असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी निघाले. आईने नेहमीप्रमाणे पिशवीत एक डबा घातला. वसतिगृहात सर्वांचे डबे सारखेच असतात आणि अदलाबदल होते, अशी मागे मी तक्रार केली होती. म्हणून या वेळी तिने झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर भावाच्या पेनने, ओळीला थोडे सोडून, मोठ्या अक्षरांत लिहिले होते: उमा.

पुण्याला आल्यावर खोलीत मी डबा उघडला. जपानी शिकणाऱ्या मैत्रिणीने आधी पट्टी वाचली, मग आत डोकावून विचारले, "काय आहे गं यात?"

मी म्हटले, "लिहिलंय ना वर."

आत जवसाची चटणी होती.